११. आजोबांना अजून कळवलेलं नाही

थोरल्या काकांनी शब्द दिला होता, आणि प्यो घराण्यात थोरल्यांचा शब्द म्हणजे काळ्या दगडावरची रेघ. कोल्ड स्टोरेजचा मालक त्यांचा शाळेपासूनचा मित्र. त्याला ते परस्पर सांगून आले होते की आमची ग्युरी सोमवारी सकाळी नऊ वाजता तुझ्या ऑफिसात हजर होईल. ग्युरीला हे कळलं शनिवारी, डोंगराच्या पायथ्याशी, बाबांच्या टेम्पोतून विळे उतरवताना. तिला विचारायला हवं होतं हे कुणाच्या डोक्यातही आलं नव्हतं.

"बसून काम आहे," काका म्हणाले. "सफरचंदाच्या पेट्या आल्या किती, गेल्या किती, एवढं कॉम्प्युटरवर भरायचं. खांद्याला त्रास नाही. तुझं शेवटचं सत्र आहे, नोकरी लागली म्हटल्यावर कॉलेज हजेरीचं बघत नाही. पदवी घरबसल्या मिळते."

"पण माझी परीक्षा आहे, काका."

"दे की. कोण नको म्हणतंय?"

इथेच तर घोडं पेंड खात होतं. नोव्हेंबरच्या चौथ्या शनिवारी शिक्षकभरतीची परीक्षा होती, म्हणजे हातात अकरा आठवडे. अख्ख्या प्रांतात शारीरिक शिक्षणाच्या चौदा जागा, आणि अर्ज करणारे दोनशेच्या वर. ते दोनशे जण सकाळी सातला वाचनालयात शिरत आणि रात्री अकराला दिवे घालवून बाहेर पडत. दिवसभर पेट्या मोजून उरलेल्या वेळात ती परीक्षा देणं म्हणजे न देणंच. काकांना हे ठाऊक नव्हतं असं नाही. तीस वर्षं तालुक्याच्या कचेरीत काढलेला माणूस, परीक्षा म्हणजे काय ते त्यांना कुणी शिकवायला नको होतं.

तिने बाबांकडे पाहिलं. बाबा ग्रास कटरमध्ये पेट्रोल ओतत होते. ते ओतायला इतका वेळ लागत नाही.

"चला, वर थडग्यापाशी जाऊन तुझ्या आजोबांच्या कानावर घालतो, म्हणजे झालं," काका म्हणाले, आणि ग्युरीने हातातले विळे खाली ठेवले. कारण ते झालं की खरंच झालं. या घरात जन्म, लग्न, जमिनीची खरेदी, कुणाला कुठे पाठवायचं, सगळं गेलेल्यांपुढे जाऊन सांगितलं जाई आणि एकदा सांगितलं की मागे फिरण्याची सोय नसे. बाबांनी सफरचंदाच्या बागेतच राहायचं हे असंच ठरलं. इन्सुक आत्याचं व्हॉलिबॉल सोडवून तिला सतराव्या वर्षी गुमी शहरातल्या रेडिओच्या कारखान्यात धाडलं, तेव्हाही आजोबा आधी पणजोबांच्या थडग्यापुढे जाऊन बोलून आले होते. आत्या अजून म्हणते की जित्यांशी भांडता येतं, मेलेल्यांना दिलेला शब्द कसा परत घ्यायचा?

छुसॉकचा सण दोन आठवड्यांवर आला होता. त्याआधी वाडवडिलांच्या थडग्यांवरचं गवत काढायलाच हवं, नाहीतर गावात तोंड दाखवायला जागा उरत नाही. पूर्वी या कामाला नुसते पुरुष जायचे, अकरा-बारा जण. यंदा उरले होते चौसष्टीचे काका आणि छप्पन्नचे बाबा. काकांचा मुलगा सोलमध्ये मोठ्या कंपनीत, तो फोनवर माफी मागून मोकळा झाला. म्हणून आत्या आली, आणि म्हणून ग्युरी आली. बायका आल्या म्हणून काकांनी थोडं नाक मुरडलं, पण गवत कापायला नाक उपयोगी पडत नाही.

निघण्याआधी ग्युरी म्हणाली की दोन मिनिटं खांदे, कंबर जरा हलवून घेऊ, थंड अंगाने यंत्र उचललं की पाठ धरते. काका म्हणाले, "आपण ऑलिंपिकला निघालोय का?" आत्याही हसली. बाबा हसले नाहीत, पण त्यांनी हातही हलवले नाहीत.

चढ तासाभराचा होता. गेल्या हिवाळ्यात पाइनच्या झाडांना कीड लागली म्हणून वनखात्याने निम्मा डोंगर बोडका केला होता. तोडलेल्या बुंध्यांवर हिरवी ताडपत्री बांधलेली, मधून नवाच कच्चा रस्ता काढलेला. काका दरवर्षी ज्या वाकड्या पाइनच्या खुणेवर वळायचे तो पाइन कुठल्या ताडपत्रीखाली गेला कोण जाणे. काका एका सपाटीवर थांबले, कमरेवर हात ठेवून चारी दिशांना बघितलं, आणि समोरच्या थडग्याच्या मातीच्या घुमटीकडे बोट केलं. "हे काय, आलं."

घुमटीवर मांडीएवढं गवत होतं. पुढे नावाचा दगड नव्हता. आजोबांच्या थडग्यालाही नव्हता, त्यामुळे त्यात नवल काही नाही. पण ग्युरी वळून खाली बघायला लागली आणि तिला झुडपांपलीकडे नुसती दरी दिसली.

"काका, हे नाही. पुढच्या धारेवर आहे."

"चाळीस वर्षं या डोंगरावर येतोय मी."

"इथून शाळेचं मैदान दिसत नाही."

हे मैदानाचं घरात सगळ्यांना माहीत होतं. ग्युरी सहावीत असताना गावच्या शाळेत खेळ शिकवायला कुणी उरलं नव्हतं. तीच मधल्या सुट्टीत पहिली ते पाचवीच्या अकरा पोरांना रांगेत उभं करायची, शिट्टी नव्हती म्हणून तोंडाने वाजवायची. आजोबा कुंपणाला टेकून बघत बसायचे. जायच्या आधी त्यांनी एवढंच मागितलं होतं की मला अशा जागी ठेवा जिथून ते मैदान दिसेल.

काका म्हणाले, झुडपं वाढली आहेत, दिसेल कसं? आणि मग, थोडं हसत, की आता पोरींनी आम्हाला थडगी दाखवायची का. ग्युरीने पुन्हा बाबांकडे पाहिलं. बाबांनी घुमटीच्या मागच्या बाजूला एक नजर टाकली, खाली बघितलं, आणि यंत्राची दोरी ओढली. त्या घरघराटात पुढे बोलणंच खुंटलं.

दोन तास काम चाललं. बाबा आणि काका आळीपाळीने यंत्र चालवत होते, बायका विळ्याने कडा साफ करून गवत ओढत होत्या. ग्युरी दोन माणसांचं गवत एकटी ओढत होती, रागाने माणसाला जोर येतो तो असा. आत्या तिच्या शेजारी बसकण मारून कापत होती आणि समजूत घालत होती. खालच्या आवाजात, गोड बोलून, पण काकांचीच बाजू. अंगाच्या जोरावर मिळवलेलं अंगाबरोबर जातं, ती म्हणाली. माझंच बघ, एक उडी मारली की चेंडू पलीकडे खिळा ठोकल्यासारखा बसायचा, आज जिना चढताना गुडघा दारासारखा वाजतो. सावलीतली खुर्ची चालून आली आहे तर बस. मग थोडं थांबून तिने विचारलं की निदान तुला तिथे शिकताना बरं तरी वाटतं का.

ग्युरीला गेल्या आठवड्यातली प्रश्नावली आठवली. प्राध्यापकांनी चौथ्या वर्षाच्या सगळ्यांकडून भरून घेतली होती. हा विषय का निवडलात, त्यात समाधानी आहात का, नोकरीच्या चिंतेने झोप उडते का. प्रत्येक प्रश्नाला एक ते पाच गुण. तिने समाधानालाही पाच दिले आणि चिंतेलाही पाच. शेजारची मैत्रीण डोकावून म्हणाली की यातलं एक खोटं असणार. पण दोन्ही खरं होतं. दुसऱ्या वर्षी भाला फेकताना खांदा गेला तेव्हा सगळ्यांना वाटलं ही आता विषय बदलेल, आणि तिला तेव्हाच कळलं होतं की तिला भाल्यापेक्षा भाला कसा धरायचा ते दुसऱ्याला दाखवणं जास्त आवडतं. आणि त्याच वेळी रोज पहाटे चारला तिला जाग येत होती, दात आवळलेले असत, जबडा दुखत असे.

"वाटतं," ती आत्याला म्हणाली. "फार बरं वाटतं. म्हणूनच भीती वाटते."

आत्याने विळा चालवायचा थांबवला.

घुमटी साफ झाली. काकांनी कोट झटकून अंगात घातला. आत्याने चटई अंथरून सुका मासा, नाशपाती आणि सफरचंदं मांडली, काकांनी भाताच्या दारूची, माकगोलीची बाटली हलवून वाडगा भरला आणि तीन वेळा घुमटीभोवती शिंपडला. बाटली जवळजवळ रिकामी झाली. मग ते दोन्ही हात जोडून उभे राहिले आणि घसा साफ केला.

"काका, नका सांगू," ग्युरी म्हणाली. आत्याने तिचं मनगट धरलं.

"बाबा," काका घुमटीला म्हणाले, "आम्ही सगळे ठीक आहोत. यंदा गारांनी सफरचंदं थोडी मारली, पण भाव बरा आहे. आणि तुमची ग्युरी. तिची काळजी मिटली. सोमवारपासून ती कोल्ड स्टोरेजच्या ऑफिसात लागते आहे. चांगली माणसं आहेत."

सगळे वाकले. ग्युरीही वाकली, कारण न वाकणं तिला जमलं नाही. कपाळ हातांवर टेकलेलं असताना तिच्या डोळ्यात पाणी आलं आणि ते तिने तिथल्या तिथे बाहीला पुसलं.

"अहो, तुम्ही कोण?"

मागे एक म्हातारी उभी होती, काठी टेकून, ऐंशीच्या पुढची. तिच्या मागे खांद्यावर ग्रास कटर घेतलेला एक घामेजलेला माणूस, तिचा जावई. म्हातारीने एकेकाच्या तोंडाकडे निरखून पाहिलं आणि तिचा चेहरा उजळला. "तेगूचे का तुम्ही? मधल्या दिरांचे? बाई गं, तीस वर्षांनी आठवण झाली."

काकांनी सांगितलं की आम्ही प्यो, खालच्या गावचे, हे आमच्या वडिलांचं.

"वडिलांचं कसं? ही माझी सासू आहे."

म्हातारीने घुमटीला एक फेरी घातली, कापलेल्या कडांवरून काठी फिरवली आणि मान डोलावली. काम मात्र झकास केलंत, ती म्हणाली, आमचा जावई एवढं गुळगुळीत करत नाही. जावयाने यंत्र खाली ठेवलं आणि तो मुकाट्याने बसला, त्याला तर आयतंच फावलं होतं. आत्याला हसू आवरेना, ती तोंड फिरवून मासा गुंडाळायला लागली.

"पण काय हो," म्हातारी काकांना म्हणाली, "मी चढत होते तेव्हा ऐकलं, नातीला नोकरी लागल्याचं सांगत होता ना? एवढ्या हळू सांगून काय उपयोग? आमच्या सासूबाईंना कमी ऐकू यायचं. मोठ्याने सांगावं लागतं."

काकांचे कान लाल झाले. त्यांनी वाकून माफी मागितली, आत्याने म्हातारीला किंबापचा, भाताच्या गुंडाळ्यांचा, अर्धा डबा दिला, म्हातारीने परकराच्या खिशातून मूठभर चेस्टनट काढून ग्युरीच्या हातात कोंबले. मग प्यो मंडळी आपापलं सामान उचलून पुढच्या धारेकडे निघाली. पुढे काका एकटे, झपाझपा, मागे वळून न बघता.

ग्युरी आणि बाबा मागे राहिले. बाबांच्या खांद्यावर यंत्र होतं आणि ते जमिनीकडे बघत चालत होते.

"बाबा, तुम्हाला माहीत होतं?"

"पोचल्या पोचल्या कळलं. आपल्याकडे मागे दगडांचा बांध आहे. मीच रचलाय तो."

"मग बोलला का नाहीत?"

"दादा म्हणाले ना, हेच म्हणून."

ग्युरी थांबली. तिला राग आला होता, पण त्याहून जास्त वाईट वाटत होतं. दोन तास. दोन तास या माणसाने दुसऱ्याच्या सासूचं गवत कापलं, का तर थोरल्या भावाला खोटं पाडायचं नाही.

"आणि सोमवारचं? ते तुम्हाला आज कळलं की आधी?"

बाबांनी यंत्र एका खांद्यावरून दुसऱ्यावर घेतलं. "मंगळवारी सांगितलं दादांनी."

मंगळवारी संध्याकाळी तिने बाबांना फोन केला होता. अभ्यासाचं वेळापत्रक वाचून दाखवलं होतं, शरीररचना झाली, नियमांची उजळणी सुरू. ते हं हं म्हणत होते. तिला ते आठवलं आणि ती भराभर चालायला लागली, बाबांना मागे टाकून. आता तिला कुणाकडे बघायचं नव्हतं. आपल्या घरातलं कुणी आपल्यासाठी बोलेल ही आशा तिने त्या दहा पावलांत सोडून दिली, आणि गंमत अशी की ती सुटल्यावर तिला जरा हलकं वाटलं.

आजोबांचं थडगं पुढच्या धारेवरच होतं, मागे बांध, पुढे मोकळी उतरण. गवत कमरेएवढं. सगळे कामाला लागले. काकांनी हट्टाने यंत्र घेतलं आणि पाच मिनिटांत खाली ठेवलं, त्यांची पाठ धरली होती. ते बांधावर बसून राहिले. राहिलेलं बाबांनी आणि ग्युरीने कापलं, आणि ऊन डोक्यावर आलं तेव्हा घुमटी पोराच्या नव्याने केस कापलेल्या डोक्यासारखी स्वच्छ झाली.

खाली मैदान दिसत होतं. शाळा चार वर्षांपूर्वी बंद झाली, उरलेली पोरं बसने तालुक्याच्या शाळेत जातात. मैदानावर निळ्या ताडपत्र्या पसरून कुणी मिरच्या वाळत घातल्या होत्या. इतक्या लांबून नुसते लाल चौकोन दिसत होते.

आत्याने बाटली उजेडात धरली. तळाशी एक वाडगा निघेल एवढीच माकगोली होती. काका बांधाला धरून उठले, कोटाची बटणं लावली आणि घसा साफ केला.

ग्युरीने आत्याच्या हातातून बाटली घेतली. "काका, आजोबांना मी सांगते."

"काय सांगणार?"

"जे खरं आहे ते. तुम्ही मघाशी सांगितलंत ते त्या आजींच्या सासूला सांगितलंत. आजोबांना अजून कळवलेलं नाही."

काकांनी तिच्याकडे पाहिलं. ते ओरडतील असं तिला वाटलं, पण त्यांनी खाली बोट दाखवलं, मिरच्यांकडे. "ते बघ. ती तुझी शाळा. पोरं कुठे आहेत, सांग मला. कुणाला शिकवणार आहेस?" त्यांचा आवाज चिडलेला नव्हता, आणि तेच जास्त बोचलं. "कचेरीत असताना पोहण्याच्या तलावावर जीवरक्षकाची एक जागा काढली होती आम्ही. सहा महिन्यांची. एकोणचाळीस अर्ज आले, त्यातले तीस शारीरिक शिक्षणवाले. चांगली पोरं, धडधाकट. नकाराच्या पाकिटांवर पत्ते मी लिहिलेत. तुझं नाव तसं कुणी पाकिटावर लिहावं असं मला वाटत नाही. झालं?"

"झालं," ग्युरी म्हणाली. "ते मला ठाऊक आहे, काका. तुमच्याहून जास्त ठाऊक आहे, कारण तसल्याच पोरांबरोबर मी रोज जेवते. पण शाळा बंद झाली म्हणून पोरांचे पाय गेले नाहीत. ती पोरं बसमध्ये बसून जातात, वर्गात बसतात, बसमध्ये बसून येतात. त्यांना उठवायचंय मला. आणि मला हे येतं. दुसरं काही मला इतकं चांगलं येत नाही."

"आणि नाही जमलं तर?"

"तर पाकीट माझ्या नावाने येईल. मी उघडीन."

काका आत्याकडे वळले. सकाळपासून ती त्यांच्या बाजूने होती, आताही बोलेल अशी त्यांना खात्री असावी. आत्याने चटईवरचा वाडगा उचलला, पदराने पुसावा तसा शर्टाच्या टोकाने पुसला, आणि ग्युरीपुढे धरला.

"ग्युरीच्या पणजोबांच्या थडग्यापुढे आपले बाबा बोलत होते तेव्हा मी मागे उभी होते, दादा," ती म्हणाली. "सतरा वर्षांची. तुझं कॉलेज चालू होतं, गुमीत पगार बरा होता, सगळं बरोबरच होतं. मला खायला कमी पडलं नाही, खोटं कशाला बोलू. पण टीव्हीवर सामना लागला की मी अजून उठून भांडी घासायला जाते. चौरेचाळीस वर्षं झाली." तिने वाडगा जरा पुढे केला. "ओत गं."

ग्युरीने ओतलं. थेंबही सांडला नाही.

तेवढ्यात बाबा बोलले. बांधापाशी उभे होते, हातात टोपी, आणि त्यांचा आवाज आधी बसका निघाला. "दादा, ती सोमवारी येणार नाही."

काका हळूच वळले. "काय म्हणालास?"

"येणार नाही. मला मंगळवारीच सांगायला हवं होतं." बाबांच्या कपाळावर घाम होता. "आणि सकाळी थडगं चुकलं तेही मला कळलं होतं. तेही सांगायला हवं होतं. आज दोन्ही सांगतो."

छप्पन्न वर्षांत या माणसाने थोरल्या भावाला 'नाही' म्हटल्याचं कुणाला आठवत नव्हतं. काका एक पाऊल बाजूला सरकले. घुमटीसमोर जागा झाली.

ग्युरी तिथे उभी राहिली. तिने माकगोली शिंपडली आणि हात जोडले.

"आजोबा, मी ग्युरी. नोव्हेंबरच्या चौथ्या शनिवारी माझी परीक्षा आहे. चौदा जागा आहेत. या वेळी झालं नाही तर पुढच्या वर्षी पुन्हा देईन. तोवर तलावावर पहाटेची शिकवणी घेईन, ते मी बोलून ठेवलंय. मला भीती वाटते. पण मी देणार आहे."

ती वाकली, तिच्या मागे बाबा, आत्या आणि सगळ्यात शेवटी काका. दोनदा वाकायचं असतं. दुसऱ्यांदा काका खाली गेले ते वर येईनात. कपाळ जमिनीला, पाठ जागच्या जागी आखडलेली. बाबा त्यांची काख धरून ओढायला धावले.

"ओढू नका," ग्युरी म्हणाली. ती काकांच्या शेजारी गुडघ्यावर बसली. "काका, डोकं आधी उचलायचं नाही. दोन्ही हात पुढे सरकवा. हां. आता कंबर मागे टाचांवर जाऊ दे. श्वास सोडा. अजून. आता उजवा पाय पुढे, हात गुडघ्यावर, आणि पायाने उठा, पाठीने नाही."

काकांनी सांगितलं तसं केलं, एकेक करून, पहिलीतल्या पोराने करावं तसं. उभे राहिल्यावर त्यांनी दोन-तीनदा कंबर हलवून पाहिली. त्यांच्या कपाळाला गवताचं पातं चिकटलं होतं, ते आत्याने काढलं.

"हे येतं तुझ्या परीक्षेत?" त्यांनी विचारलं.

"नाही."

काका हुंकारले. त्यांनी खिशातून फोन काढला, पडद्याकडे पाहिलं, वर रेंज नव्हती. परत ठेवला. मग किंबापचा उरलेला अर्धा डबा सगळ्यांनी चौघांत वाटून खाल्ला, आणि काकांनी आपल्यातले दोन तुकडे ग्युरीच्या झाकणात टाकले, पण ते असं की जणू त्यांना भूकच नव्हती.

उतरताना वाट पुन्हा त्या सपाटीवरून होती. म्हातारी अजून तिथेच होती, सासूच्या स्वच्छ घुमटीला टेकून ऊन खात, जावई सावलीला आडवा झालेला. ग्युरी दिसताच तिने काठी उंचावली.

"पोरी, सोमवारी नवे कपडे घालून जा हं. पहिल्या दिवशी माणसं कपडे बघतात."

ग्युरीने बोलायला तोंड उघडलं, पण काका पुढे होते आणि ते थांबले होते. त्यांनी टोपी काढली.

"आजी, ते मी चुकीचं सांगितलं," ते म्हणाले. "सोमवारी ती कुठे जात नाहीये. शिक्षकाची परीक्षा देणार आहे, नोव्हेंबरात. खेळ शिकवणारी शिक्षिका व्हायचंय तिला. तुमच्या सासूबाईंना तेवढं सांगून ठेवा."

"एवढंच ना," म्हातारी म्हणाली. आणि घुमटीकडे वळून, बहिऱ्या माणसाशी बोलावं तशी, साऱ्या डोंगराला ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने सांगू लागली.